एका वेलांटीचा फरक

कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की पाहिजेसाहेब. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या हत्यारखोलीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. पाने, कानशी, करवती, मायक्रोमीटर, सगळं त्यांच्या जाळीच्या खिडकीतून बाहेर जायचं आणि त्याच खिडकीतून परत यायचं. खिडकीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी होती, ‘हत्यार घेताना सही केलीच पाहिजे.’ तिच्याखाली दुसरी, ‘हत्यार पुसूनच परत दिलं पाहिजे.’ आणि त्याहीखाली तिसरी, ‘वरच्या दोन्ही पाट्या वाचल्याच पाहिजेत.’ चौतीस वर्षांत तीनच पाने हरवले. त्यातला एक त्यांनी एका फिटरच्या घरी जाऊन, त्याच्या खिडकीला अडसर म्हणून लावलेला, शोधून आणला होता.

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. घड्याळ ते घरी घेऊन आले. निःश्वास त्यांच्या लक्षात आला नाही, कारण त्या वेळी ते नव्या माणसाला कानशींच्या खणाबद्दल सूचना देत होते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. कारखाना सुटला, पाट्या सुटल्या नाहीत. घरात नळावर ‘नळ घट्ट बंद केलाच पाहिजे’, दाराशी ‘चपला ओळीतच ठेवल्या पाहिजेत’, फ्रिजवर ‘दार दोनदा ढकलून पाहिलंच पाहिजे’. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी एक फळी ठोकली होती. तिच्यावर डाव, कात्री, किसणी यांच्या आकृत्या रंगवलेल्या, म्हणजे कुठली वस्तू जागेवर नाही ते एका नजरेत कळावं. बायको होती तोवर ती मुद्दाम डावाच्या आकृतीत कात्री अडकवायची आणि यांचा चेहरा बघत बसायची. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. कात्री कात्रीच्या जागी असायची, आणि ते बघून त्यांना पूर्वीइतकं बरं वाटत नसे.

आता घरात माणसं तीन. मुलगा जहाजावर इंजिनं सांभाळायचा, चार महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी. त्यामुळे खरं तर माणसं दोनच, ते आणि सून. सून जपानी शिकवायची. सकाळी सात ते साडेआठ बाहेरच्या खोलीत तिचा वर्ग भरायचा. पाच जण यायचे: जपानला नोकरीला जाऊ पाहणारे तिघे, म्हणजे एक नर्स, एक वेल्डर आणि हॉटेलातला एक आचारी, आणि शिवाय दोन कॉलेजच्या मुली. त्या मुली जपानी का शिकत होत्या हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

नेमकी तीच वेळ पाहिजेसाहेबांची त्याच खोलीत पेपर वाचायची. खुर्ची सोडायची तर तत्त्वाचा प्रश्न. म्हणून ते कोपऱ्यात बसूनच राहिले. आधी चपलांच्या ओळीवर लक्ष ठेवायला, मग उशिरा येणाऱ्यांकडे घड्याळ दाखवायला. शेवटी नर्स म्हणाली, “आजोबा, नुसतं बसून लक्ष ठेवण्यापेक्षा वही घेऊन बसा की.” तिने चेष्टाच केली होती. दुसऱ्या दिवशी ते शंभर पानी वही, दोन पेन्सिली आणि पट्टी घेऊन बसले.

एक अडचण होती. सुनेला काय म्हणायचं? ती म्हणाली, “जपानीत शिकवणाऱ्याला सेन्सेई म्हणतात, बाबा. पण तुम्ही नाही म्हणालात तरी...” त्यांनी तिला तिथेच थांबवलं. नियम म्हणजे नियम. सात ते साडेआठ ती सेन्सेई आणि अहो-जाहो, साडेआठनंतर पुन्हा सून आणि अगं-तुगं. आठ वाजून एकतीस मिनिटांनी ते सांगत, “अगं, फळा पुसलाच पाहिजे,” आणि ती म्हणे, “हो बाबा.”

पहिले दोन महिने त्यांची गाडी रडतखडत चालली. शब्द पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसे वाहून जात. आणि मग एका सकाळी सुनेने फळ्यावर लिहिलं, ‘नाकेरेबा नारिमासेन.’

“आपण ‘पाहिजे’ म्हणतो,” ती म्हणाली, “आणि मोकळे होतो. जपानी माणूस जरा वळसा घालून येतो. तो म्हणतो, नाही केलं तर होणार नाही. कुसुरी म्हणजे औषध, नोमु म्हणजे पिणं. तिकडे औषध घेत नाहीत, पितात. कुसुरी ओ नोमानाकेरेबा नारिमासेन. औषध नाही घेतलं तर चालणार नाही. म्हणजे काय?”

“घेतलंच पाहिजे,” कोपऱ्यातून आवाज आला. आवाज जरा कापत होता.

एका ‘पाहिजे’साठी दोन-दोन ‘नाही’ खर्च करणारे लोक पाहिजेसाहेबांना एकदम आपले वाटले. आयुष्यभर ते जे सांगत आले त्याच्यासाठी कुणीतरी एवढं भक्कम यंत्र बांधून ठेवलंय, आणि आपल्याला ते पासष्टाव्या वर्षी कळतंय! त्यांनी त्या दिवशी बेचाळीस वाक्यं केली. नळ बंद केलाच पाहिजे, दार ढकललंच पाहिजे, पाना पुसलाच पाहिजे. पान्याला जपानीत काय म्हणतात ते सेन्सेईंना आठवेना, तेव्हा तेवढ्यापुरती त्यांनी सूट दिली.

वेल्डर कुरकुरला, “एवढं लांबलचक? बोलून होईपर्यंत काम उरकेल.”

“म्हणून बोलताना ते बऱ्याचदा अर्धंच बोलतात,” सेन्सेई म्हणाल्या. “इकु म्हणजे जाणं. नुसतं ‘इकानाकेरेबा’ म्हणून थांबायचं. नाही गेलं तर... एवढंच. पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं.”

“असं कसं?” पाहिजेसाहेब उसळले. “वाक्य पूर्ण केलंच पाहिजे.”

त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक पाटीखाली एक नवी ओळ आली. देवनागरी अक्षरं आणि जपानी भाषा. चपलांच्या ओळीपाशी ‘नाराबेनाकेरेबा नारिमासेन’ वाचून दूधवाला दोन दिवस पायऱ्यांवरच थांबला. आत कुणाला काही संसर्गाचा आजार झालाय आणि ही त्याची सूचना आहे, असं त्याला वाटलं होतं.

पण सुखाला दृष्ट लागते. पुढच्या सोमवारी सेन्सेईंनी फळ्यावर दोन मराठी वाक्यं एकाखाली एक लिहिली.

‘नाही गेलं तर चालणार नाही.’
‘नाही गेलं तरी चालेल.’

“मागच्या आठवड्यात ‘तर’ झालं. आज त्या ‘तर’ला एक वेलांटी द्यायची. वेलांटी दिली की सक्ती संपली आणि मोकळीक आली. इकानाकेरेबा नारिमासेन, जायलाच पाहिजे. इकानाकुतेमो ई देस, नाही गेलं तरी चालेल. आता प्रत्येकाने सांगायचं, मला आज काय नाही केलं तरी चालेल.”

नर्स म्हणाली, आज मला ड्यूटीवर नाही गेलं तरी चालेल. वेल्डर म्हणाला, मला दाढी नाही केली तरी चालेल, आणि त्याच्याकडे बघून ते सगळ्यांना पटलं. आचारी म्हणाला, मला घरी स्वयंपाक नाही केला तरी चालेल. कॉलेजच्या एका मुलीने यादीच सुरू केली, तिला थांबवावं लागलं.

पाहिजेसाहेबांची पाळी आली. त्यांनी वहीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. नाही केलं तरी चालेल असं त्यांना एकही काम आठवेना. सेन्सेईंनी सोपं करून दिलं. “बरं, नुसता अर्थ सांगा. कोनाकुतेमो ई देस. कुरु म्हणजे येणं.”

“तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

“शाब्बास. म्हणजे?”

“म्हणजे यायलाच पाहिजे,” पाहिजेसाहेब ठामपणे म्हणाले.

वर्ग हसला. ते हसले नाहीत. “हसू नका. मी अनुभवाने सांगतोय,” म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

बारा वर्षांपूर्वी बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याच दिवशी हत्यारखोलीची वार्षिक मोजदाद होती. आदल्या संध्याकाळी बायको मोरीपाशी पाठमोरी उभी राहून ताटली पुसत होती. म्हणाली, “तुम्ही नाही आलात तरी चालेल. बहीण येणार आहे माझी.” यांनी विचारलं, “नक्की?” ती म्हणाली, “नक्की.” यांनी पुन्हा एकदा विचारलं, कारण नियमात संदिग्धता असता कामा नये. ती म्हणाली, “सांगितलं ना एकदा.” मग हे मोजदादीला गेले. चार हजार दोनशे सोळा वस्तू मोजल्या, सगळ्या बरोबर निघाल्या, आणि आनंदात घरी आले. बायको एका डोळ्यावर पट्टी बांधून बसली होती. दुसऱ्या डोळ्याने तिने यांच्याकडे पाहिलं आणि एक शब्द बोलली नाही. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी म्हणाली, “मीठ द्या.”

“ती जेव्हा म्हणाली ना, तेव्हा ताटली केव्हाच कोरडी झाली होती,” पाहिजेसाहेब म्हणाले. “तरी पुसतच होती. मी ते पाहिलं होतं, पण मला वाचता आलं नाही. तेव्हापासून मला या वाक्याचा अर्थ पाठ आहे. माणूस पाठ फिरवून, कोरडी वस्तू पुसत ‘नाही आलात तरी चालेल’ म्हणाला, की हातातलं सगळं टाकून जायचं.”

“बाबा, परीक्षेत असं लिहिलंत तर शून्य मिळेल,” सेन्सेई हसू दाबत म्हणाल्या.

“परीक्षेत शून्य, संसारात पैकीच्या पैकी,” ते म्हणाले. नर्सने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. तिचं लग्न ठरत होतं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. गुरुवारी पत्र आलं.

जपानमधल्या एका संस्थेत, नव्याने दवाखान्यांत कामाला येणाऱ्या लोकांना भाषा शिकवायला शिक्षिका हवी होती. आपल्या इकडच्यांची बोली जाणणारी. मुदत एक वर्ष, राहायची सोय त्यांची, उत्तर पंधरा तारखेपर्यंत. सुनेने आठ वर्षं ती भाषा शिकवली होती, पण तो देश एकदाही पाहिला नव्हता. फळ्यावर ती तिथल्या स्टेशनांचे नकाशे काढायची, तिकीट कसं मागायचं ते शिकवायची आणि शिकलेली माणसं एकेक करून विमानात बसवायची. स्वतः पुन्हा पहिल्या धड्याकडे यायची.

रात्रीच्या जेवणानंतर मुलाचा जहाजावरून फोन आला. सुनेने त्याला पत्राचं सांगितलं. फोन ओट्यावर ठेवलेला, त्याचा आवाज खोलीभर. ती मोरीपाशी उभी राहून वाटी पुसत होती.

“एक वर्षाचं आहे,” ती म्हणाली. “पण मी नाही गेले तरी चालेल.”

“बरं,” मुलगा म्हणाला. “तुला योग्य वाटेल तसं कर.” तो भला माणूस होता. वाक्य जसं कानावर पडलं तसं त्याने घेतलं. पाण्यावर त्याला ती वाटी दिसत नव्हती.

पाहिजेसाहेबांना दिसत होती. वाटी कोरडी होती. तिचा हात गोल गोल फिरतच होता.

त्यांना कळलं. एका क्षणात, लख्ख कळलं. आणि ते म्हणाले, “हं. नाही गेलं तरी चालेल म्हणतेस ना? मग चालेल.” एवढं बोलून ते झोपायला निघून गेले.

त्यांना भीती वाटत होती, साधी आणि सरळ. दोन वर्षांपूर्वी सून दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेली असताना ते न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. दीड तास लादीवर पडून होते. उठता येईना. डोळ्यांसमोर त्यांचीच पाटी होती, ‘लादी कोरडी ठेवलीच पाहिजे.’ दीड तासात ती त्यांनी किती वेळा वाचली याला मोजदाद नाही. शेवटी शेजाऱ्यांनी ऐकलं. तेव्हापासून सून एकही रात्र बाहेर राहिली नव्हती. ‘घरात कुणीतरी असलंच पाहिजे’ ही पाटी त्यांनी कधी लिहिली नाही, लावली नाही. पण घरातली ती एकच पाटी होती जी तिने न वाचता पाळली.

शुक्रवार, शनिवार, रविवार ते स्वतःची समजूत घालत राहिले. व्याकरण काय सांगतं? नाकुतेमो ई देस म्हणजे मोकळीक. ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली. शिकलेली बाई आहे, सेन्सेई आहे, तिला अर्थ कळत नाही का? आपण कोण अडाणी तिच्या वाक्यातून भलतं काढणारे? आयुष्यात पहिल्यांदाच पाहिजेसाहेब कुणाच्या मोकळिकीच्या बाजूने इतके हिरिरीने भांडत होते. समोर कुणी नव्हतं, तरी हरत होते.

सोमवारी सेन्सेईंनी वीस मार्कांची चाचणी घेतली. सातवा प्रश्न दोन मार्कांचा होता: ‘इकानाकुतेमो ई देस. मराठीत अर्थ लिहून स्पष्ट करा.’ पाहिजेसाहेबांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘नाही गेलं तरी चालेल. म्हणजे जाण्याची गरज नाही.’ खाली पट्टीने रेघ मारली.

त्यांना वीसपैकी वीस मिळाले. वर्गात दुसऱ्या कुणाला मिळाले नाहीत.

“आलं बाबा शेवटी लक्षात!” सेन्सेई खूश होऊन म्हणाल्या. त्यांनी लाल पेन्सिलीने शेजारी ‘शाब्बास’ लिहिलं होतं. पाहिजेसाहेबांनी कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि तो खिशात घातला. दिवसभर तो त्यांना खिशात टोचत राहिला. खाई त्याला खवखवे. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच फळीवरची कात्री काढून डावाच्या आकृतीत अडकवली. थोडा वेळ बघत उभे राहिले. हसायला कुणी नव्हतं. त्यांनी ती पुन्हा तिच्या जागी लावली.

चौदा तारखेला सकाळी वर्ग संपत आला होता. फळा पुसून झाला होता. नर्स पिशवी आवरता आवरता म्हणाली, “सेन्सेई, तुम्हाला त्या संस्थेचं पत्र आलंय ना? आमच्या एजन्सीत बोलत होते. उद्याच शेवटची तारीख आहे म्हणे. जाणार ना तुम्ही?”

सगळ्यांनी माना वर केल्या. सेन्सेई फळ्याकडे वळल्या. “हे बघा, आपल्या धड्याचंच वाक्य आलं,” त्या हसत म्हणाल्या. “वाताशि वा इकानाकुतेमो ई देस. मी नाही गेले तरी चालेल.” आणि त्यांनी फडका घेऊन फळा पुसायला सुरुवात केली. फळ्यावर काहीही नव्हतं.

कोपऱ्यातली खुर्ची मागे सरकली.

“सेन्सेई,” पाहिजेसाहेब उभे राहून म्हणाले, “तुमचं चुकलं.”

“काय चुकलं, बाबा?” पाठ तशीच होती. “नाकुतेमो ई देस. बरोबर आहे की.”

“व्याकरण बरोबर आहे. तुम्ही कोरडा फळा पुसताय.”

फडका थांबला.

त्यांनी अंग ताठ केलं. हे वाक्य त्यांना झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. नळावर होतं, फ्रिजवर होतं, चपलांपाशी होतं. “सेन्सेई वा,” त्यांनी सुरुवात केली, “सेन्सेई वा, इकानाकेरेबा...”

पुढचा शब्द येईना. नारिमासेन. तीन आठवड्यांत हजार वेळा म्हटलेला शब्द. नर्स ओठांनी तो शब्द दाखवत होती. त्यांना विस्मरण झालंय असं तिला वाटलं असणार. त्यांनी मान हलवली, पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडले.

सून वळली. तिचे डोळे भरून आले होते.

“राहू द्या, बाबा,” ती म्हणाली. “अर्धं पुरतं.”

आचाऱ्याने उगाच आपली वही उघडून बंद केली. मग पाहिजेसाहेबांनी घसा खाकरला आणि वेल्डरकडे वळून त्यांच्या हत्यारखोलीतल्या आवाजात विचारलं, “न्हाणीघरात भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवायचा झाला तर किती दिवस लागतील?”

“दांडा? उद्या बसवतो.”

“दोन बसवले पाहिजेत. एक आत, एक दाराशी.”

“मी कोपऱ्यावरच राहते,” नर्स म्हणाली. “माझं जायचं ठरेपर्यंत येता-जाता डोकावत जाईन.” आचारी म्हणाला, भात आणि दोन भाज्या तो आठवड्याभरात शिकवेल, फक्त त्याच्या स्वयंपाकात पाट्या लावायच्या नाहीत. ही अट मान्य करायला पाहिजेसाहेबांना थोडा वेळ लागला.

साडेआठ वाजून गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले. खिशातून दोन घड्यांचा कागद काढला आणि सुनेपुढे ओट्यावर पसरला. शेजारी लाल पेन्सिल ठेवली.

“हे काय, बाबा?”

“सातवा प्रश्न. दोन मार्कांचा आहे. ते काढून घे. अठरा कर.”

“का? उत्तर बरोबर आहे.”

“त्या रात्री तू म्हणालीस तेव्हा मला कळलं होतं, पोरी,” ते म्हणाले. “कळून न कळल्यासारखं केलं मी. मला इथं एकट्याने पडून राहायची भीती वाटते. म्हणून तुझं वाक्य मी माझ्या सोयीने घेतलं. वर त्याचे मार्कही घेतले.”

तिने पेन्सिल उचलली, वीस खोडून अठरा केले. ‘शाब्बास’ मात्र तसंच ठेवलं. मग दार उघडून बाहेरच्या खोलीत गेली आणि उत्तर लिहायला बसली. अर्ध्या तासाने तिने पाकीट त्यांना दाखवलं. पाकिटावर पत्ता नीट लिहिलाय का ते त्यांनी दोनदा तपासलं, आणि स्वतः चालत जाऊन ते टपालात टाकून आले.

दीड महिन्याने ती निघाली. मुलगा नेमका पाण्यावर होता. आदल्या दिवशीच फोनवर म्हणाला होता, “बाबा, तुम्हाला चालणार आहे ना नक्की?” पाहिजेसाहेबांनी त्याला सांगितलं, “तू तुझ्या इंजिनाकडे बघ.”

सकाळची वेळ. टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. बॅग दाराशी, चपलांच्या ओळीला समांतर. सुनेने औषधांचा डबा पुन्हा एकदा दाखवला, सकाळच्या गोळ्या कुठल्या, संध्याकाळच्या कुठल्या. न्हाणीघरातले दांडे हलवून पाहिले. वेल्डरने ते असे ठोकले होते की घर पडलं असतं तरी दांडे उभे राहिले असते. मग करण्यासारखं काही उरलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

पाहिजेसाहेब मोरीपाशी उभे होते. तिच्या चहाचा कप त्यांनी विसळला होता आणि आता पुसत होते.

“निघते, बाबा.”

“हो. नीघ. उशीर होता कामा नये. पासपोर्ट वरच्याच कप्प्यात ठेवला पाहिजे.”

“वरच्याच कप्प्यात आहे.”

“आणि तिथे थंडी असेल. कानाला काहीतरी बांधलंच पाहिजे.”

“हो बाबा.”

ती पायरी उतरायला वळली तसे ते पुन्हा बोलले, तिच्याकडे न बघता, भिंतीशी बोलल्यासारखे.

“आणि हे बघ. तू तिथे कामात असशील. रोज फोन नाही केलास तरी चालेल.”

ती थांबली. त्यांची पाठ तिच्याकडे होती. हातातला कप केव्हाच कोरडा झाला होता, आणि फडका त्याच्यावरून गोल गोल फिरत होता.

“कळलं, बाबा,” ती म्हणाली. “रोज सकाळी, इथल्या सातला.”

“सातला म्हणजे सातला,” ते म्हणाले आणि कप पुसत राहिले.